विरोधक शेजारीच उभा असतो

प्रिय कमलभाभी,

आज तुमचा बारावा. दोन्ही घरची माणसं तुमच्या फोटोपुढं बसली आहेत आणि हे पत्र मी त्यांच्यासमोरच मोठ्यानं वाचतेय. आम्हा सगळ्यांची तुमच्यावर एकच तक्रार आहे: भांडण मिटवायच्या आधी निघून गेलात! तुमच्या विनोदची गाडी आणि माझ्या संजयची मोटारसायकल आपल्या सामाईक अंगणात मावत नाहीत म्हणे. मधोमध चुन्याची रेघ मारून झालीय. उद्या भिंतीसाठी विटांचा टेम्पो येतोय.

थकले हो भाभी. उभा जन्म भाषणांनी मैदानं गाजवली, पण घरच्या दोन पोरांपुढं माझा घसा बसला.

आठवतं, तुमचा भाचा परदेशातून आल्ता आणि तो खेळ शिकवून गेल्ता? अंगणाच्या दोन टोकांना दोन उतरत्या फळ्या, प्रत्येकीत बशीएवढं भोक, आणि नेम धरून फेकायच्या दाण्यांच्या पिशव्या. तुम्ही जुन्या जीनच्या पिशव्या शिवल्या, ज्वारी भरली आणि नवीन जालन्यातल्या तुमच्या दुकानातला तराजू घरी आणलात.

"ताई, वजन बराबर पाहिजे. न्हाई तर हरणाऱ्याला बहाणा मिळतो!"

माझी पहिली पिशवी थेट वाळत घातलेल्या साड्यांवर. किती हसलात!

"भाषणाचा हात खाली घ्या. खालून झोका द्या. पोळी तव्यावर पडते तशी सपाट पडू द्या."

भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक, आधी जमिनीला टेकली तर बाद. मग दोन्ही बाजूंचे गुण एकमेकांतून वजा. कितीदा तर शून्यच उरायचं. मी चिडायचे, "एवढं फेकून मिळालं काय?"

"दमलो ना बराबर? मंग चहा टाका."

पण या खेळातली खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. आपला जोडीदार पलीकडच्या फळीपाशी असतो आणि विरोधक आपल्या खांद्याला खांदा लावून उभा. आपण दोघी विरोधक इकडे, आपापले जोडीदार विनोद आणि संजय तिकडे. एकमेकांना चिडवत, एकमेकांच्या पिशव्या उचलून देत! मी आयुष्यभर विरोधकाला समोर उभं करून झोडपलं. तो शेजारी उभा राहून त्याच फळीकडं बघू शकतो, हे इतकी पुस्तकं वाचूनही मला सापडलं नव्हतं.

दिवाळीत तुम्हाला दम लागायचा, तरी खुर्चीत बसून फेकत होतात. तेव्हाच या दोघांना चार शब्द का नाही सुनावलेत? तुमचं ऐकलं असतं. माझं बोलणं त्यांना सभा वाटतं.

भाभी, वचन देते. उद्या सकाळी दोन्ही फळ्या मीच मांडीन. तुमच्या जागी तुमची सून उभी राहील, आणि हात कितीही दुखला तरी मी तिच्या शेजारून हलणार नाही.

आता विनोद, संजय, उठा. विटावाल्याला फोन लावा. आत्ता, आमच्यादेखत. टेम्पो नको म्हणून सांगा.

तुमची हक्काची विरोधक,
शकुंतला