उलट्या पिळाच्या गोळ्या

१४ मार्च, दुपार

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण घड्याळदुरुस्तीचं दुकान चालू आहे. तुम्ही दोघं खुशाल असाल.

तू घरी करून पाठवलेल्या गोड गोळ्यांचा डबा पोचला. पोचून बरेच दिवस झाले खरं तर. रोज पत्र लिहायला घेत होते आणि ठेवून देत होते. लगेच सांगून टाकते, आम्ही एकही गोळी खाल्लेली नाही. रागावू नकोस, पुढे वाच.

माझ्या लेकाने तुला सांगितलं असेलच, आमच्या घरी कोशेर पाळतात. म्हणजे आमच्या ज्यू धर्माला जे चालतं तेच खायचं. विकतच्या पाकिटावर तसा शिक्का तरी असतो. तुझ्या डब्यावर काहीच नाही. मी गोळी हुंगली, उजेडात धरली, मऊ लागली म्हणून दाबून पाहिली. शेवटी एक गरम पाण्यात टाकली. ती विरघळली, आणि मी कपाळाला हात लावला. आता काय? आमच्या प्रार्थनालयातल्या धर्मगुरूंना फोन केला. ते म्हणाले, "काकू, यातून एवढंच कळलं की पाणी गोड झालं." मग नीट समजावलं. मऊ गोळीत बरेचदा जिलेटिन असतं, आणि ते बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. "काय घातलंय ते करणारीलाच विचारा. कुठल्या भांड्यात केलं, तेही."

करणारीला विचारा म्हणे! तुमच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तुझा आवाजसुद्धा मी ऐकलेला नाही, आणि पहिला प्रश्न काय विचारायचा, तर तुझं पातेलं कसलं आहे? मला लाज वाटली. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला.

तिथून तो ह्यांनी काढला. तुम्ही लग्न केलंत तेव्हापासून हे त्याचं नाव घेत नाहीत, आणि ह्यांच्यासमोर मीही घेत नाही. मला वाटलं, आता डबा कचऱ्यात जाणार. तर हे डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसले आणि एकेक गोळी फिरवून बघायला लागले.

"काय दिसतंय एवढं?" मी विचारलं.

"कागदाचा पीळ उलटा आहे."

"मग?"

"मग काय, डावऱ्याने गुंडाळल्यात."

आमच्या घरात डावरा एकच. लहानपणी दुकानात सुट्या भागांच्या पुड्या बांधायला बसला की उलटाच पीळ द्यायचा, आणि ह्यांची बोलणी खायचा. ह्यांनी शेवटच्या गोळीपर्यंत सगळ्या तपासल्या. भिंग काढून ठेवलं, तरी डोळा पुसतच राहिले. मी तर सरळ रडले. त्याची रोज आठवण येते गं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता लिहिलं.

आज पत्र घेऊन बसले आणि ह्यांनाच विचारलं, जिलेटिनचं कसं विचारू, भांड्याचं कसं विचारू?

"काही विचारू नकोस," हे म्हणाले. "भांडी आपली, शेगडी आपली, सामान आपलं. म्हणावं इथे येऊन कर. प्रश्नच मिटला."

"आणि ती काय एकटी येणार?"

"एकटी कशाला? दोघं या म्हणून लिही." एवढं बोलून पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडले.

आत्ता खिडकीतून बघतेय, पिशवी घेऊन किराणा दुकानाच्या दिशेने चाललेत. तुमचा होकार अजून यायचाय, आणि हा माणूस साखर आणायला निघालाय. आता तुम्ही आला नाहीत, तर ह्यांना काय सांगू मी?

वाट बघणारी,
तुझी सासू
(आई म्हणालीस तर जास्त आवडेल)