पुलावरची दोन पानं

३ मार्च

ती. मामीस सा. न. वि. वि.

पत्ता पुन्हा बदलला म्हणून रागावू नकोस. मंडपवाल्याकडचं काम सोडलं (त्याचा दोष नाही, मलाच खांबांचा कंटाळा आला) आणि आता एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधतो. मागच्या खोलीत मी, खळीचं पातेलं आणि एक मांजर. मांजराला खळ आवडते. ते असो.

परवा मामांची पहिली कादंबरी माझ्यापुढे आली, पार खिळखिळी. लोकांनी वाचून वाचून शिवण उसवलीय. नववीत शाळा सोडलेला मी, पुस्तकं बांधतो, वाचत नाही. पण पानं क्रमानं लावायला वाचावंच लागलं. आणि मामी, मला घाम फुटला.

पुलाची गोष्ट मामांनी मला किती वेळा सांगितलीय. लढाईत पहारा त्यांचा होता, त्यांना डुलकी लागली, आणि पलीकडच्या काठावरचा त्यांचा जोडीदार, तो लंबू, त्या डुलकीपायी गेला. दर वेळी शेवटी म्हणतात की मी ते जसंच्या तसं छापून जगापुढे कबूल केलंय, म्हणून मान वर करून चालतो. पण पुस्तकात पहारेकरी जागाच आहे! आणि लंबू लंगडत का होईना, बहिणीच्या दारात येऊन उभा राहतो. मी चार प्रती उघडून बघितल्या. सगळीकडे तेच.

आता खरी भानगड ऐक. पुढच्या महिन्यात मामांचा सत्कार आहे तो याच ग्रंथालयात, आणि भाषण लंबूच्या बहिणीचं. बाई इथंच शिवणवर्ग चालवतात. मामा एरवी सत्कार म्हटला की पळ काढतात. इथं येतायत ते केवळ बाईंसाठी, कारण सगळं वाचूनही ती मला दरवर्षी पत्र पाठवते, असं त्यांना वाटतं. काल बाई मला म्हणाल्या की तुझ्या मामांनी माझ्या भावाला निदान कागदावर तरी घरी आणलं, तेवढंच मी बोलणार आहे. मामी, भर सभेत मामांच्या पायाखालची जमीन सरकेल! कुणी केलं हे? छापखान्यानं? मामा आपलं छापलेलं कधी वाचत नाहीत, म्हणून तुला विचारतो.

मांजर कागदावर येऊन बसलंय, थांबतो. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

छापखान्यावर आळ घेऊ नकोस. मी केलं.

ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं लढाईत गेली. हे सांगायचे आणि मी लिहायचे, हे तुला ठाऊकच आहे. पुलाचं प्रकरण ह्यांनी एका सकाळी सांगितलं, आवाज न चढवता, जणू सामानाची यादी. संपल्यावर म्हणाले, झालं, आता माझं काही काम उरलं नाही. तो स्वर ऐकून मी लेखणी खाली ठेवली. वाटलं, हे छापून आलं आणि कुणी एकानं जरी तोंडावर बोलून दाखवलं, तर हा माणूस माझ्या हाती राहायचा नाही. छापखान्यासाठी स्वच्छ प्रत मीच करत होते. दोन पानं माझ्या मनानं लिहिली. मुद्रितंही मीच तपासली, कारण ह्यांचं म्हणणं, एकदा ओकलेलं पुन्हा कोण बघतं.

पहिल्याच आठवड्यात पकडली जाईन असं वाटलं होतं. पण लोकांची पत्रं येऊ लागली, हे चार घास जेवू लागले, हसू लागले, दुसरं पुस्तक सुरू झालं. सांगायचं रोज उद्यावर गेलं. अशी एकतीस वर्षं, बाळा.

तू तोंड उघडू नकोस. सभेत कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. मग ते काय करतील ते मी सोसेन. आणि तू वेळेवर जेवत जा, नाहीतर मांजराच्या खळीत वाटेकरी होशील.

हे वाचूनही मला आपली म्हणशील या आशेवर,
तुझी मामी


२० मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताचं आहे. तुझ्या मामीला सध्या मी मजकूर सांगत नाही. सहा दिवस तिच्याशी बोललो नाही. ती चहा ठेवून जायची आणि मी तो प्यायचो, त्यामुळे अबोला म्हणावा तसा जमला नाही. पुस्तक वाचलं. तिची दोन पानं माझ्या दोनशेंहून बरी आहेत, हा राग आणखी वेगळा.

पण ज्या माफीवर मी एकतीस वर्षं काढली, ती मला कुणी दिलीच नव्हती. तेव्हा सत्काराच्या दोन दिवस आधी येतो, एकटा. स्टेशनवरून आधी मला लंबूच्या बहिणीच्या घरी ने. ऐकून तिनं चालते व्हा म्हटलं, तर मिळेल त्या गाडीनं परत फिरेन.

उत्तर लिहू नकोस, गाडीवर तेवढा ये.

तुझा,
मामा


५ एप्रिल

ती. मामीस सा. न. वि. वि.

तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आज कुठलंही आडवळण नाही.

बाईंच्या खोलीत तीन मशिनं, टेबलावर कापड अंथरलेलं, त्यावर खडूच्या रेघा. मामा बसायला तयार होईनात. उभ्यानंच सगळं सांगितलं, डुलकीसकट. बाईंच्या हातात कात्री होती. अख्खी बाही कापून होईपर्यंत कात्री थांबली नाही. मग मान खाली ठेवूनच म्हणाल्या, निघा तुम्ही.

आम्ही स्टेशनवर आलो. दुपारच्या गाडीला तासभर होता. मामा बाकावर बसले, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की ते म्हातारे झालेत. गाडीचा धूर दिसायला लागला तेवढ्यात बाई आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. भावाच्या मरणाची नऊ शब्दांची तार आली होती, त्यापलीकडे त्यांना आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तो काय बोलत होता?

मामी, मामांना हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी सरकून बाकावर बाईंना जागा केली. मग म्हणाले की लंबू दिवसभर सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीवर चिडला होता, म्हणत होता की ताईनं बघितलं तर माझा कान उपटेल. बाई मटकन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आणखी सांगा.

गाडी गेली. त्यानंतरचीही गेली.

सत्काराच्या मंडळींना बाईंनीच कळवलं की पाहुणे कामात आहेत, नंतर बघू. मामा रोज सकाळी शिवणवर्गात जाऊन बसतात. लंबूबरोबरच्या चौदा महिन्यांपैकी अजून दुसराच महिना चाललाय. काल मामांनी माफीचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, ते शेवटी. आधी माझा भाऊ पुरता सांगून होऊ दे.

मामांचा निरोप जसाच्या तसा देतो: राग अजून गेलेला नाही, पण तू समोर नसलीस की त्यांना लंबूचं नीट सांगता येत नाही. तेव्हा निघ. मी स्टेशनवर असेन.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
भिंगरी