डिंकाचे लाडू

माय,

आज पहाटे भोकरच्या रस्त्यानं सायकल काढली. धुकं लई होतं. मी चालले होते का रस्ताच मागं वाहून राहिला होता, कळंना. चाळिशी आली, पण धुक्यात मी अजून शाळेतलीच पोरगी असते, आन् मागं पदर खोचून पळणारी तू असतेस.

इतकी वर्षं सायकल शर्यतीत राज्यात पहिली आले. मग एका तपासणीत औषध सापडलं आन् बंदी आली. लुंबिनीनं सुया टोचून घेतल्या, असं लोक म्हणाले. मी बंदीच्या कागदावर सही करून आले.

तू मात्र अजून नळावर बायांशी भांडतेस म्हणं, "माझी पोरगी माझ्या हातच्या लाडवांवर जिंकली!"

खरं बोलतेस, माय. त्या लाडवांत तू बाजारातल्या औषधवाल्याची ताकदीची पूड घालायचीस. उरलेला लाडू मी तपासून घेतला होता. औषध त्यातच निघालं.

हे पत्र वाचून घ्यायला तू शेजारणीकडं नेशील, म्हणून पोस्टात टाकत न्हाई.

काल तुझा लाडवांचा डबा आला. पुडीचा तोच कडसर वास. आता मला कोण तपासतंय? आज धुक्यात सायकल थांबवून मी अख्खा लाडू खाल्ला.

तुझी पहिली आलेली,
लुंबिनी