तीनदा म्हणायचं

बाबा, आज वैमानिकांच्या वर्गात एका मुलावर मी फार रागावले. उडताना इंजिन बंद पडलंय असं धरून रेडिओवर मदत मागायचा सराव चालला होता, आणि हा माइक तोंडाशी धरून पुटपुटतो, "मॅडम, थोडा प्रॉब्लेम आहे." थोडा! अरे, आधी 'मेडे' तीनदा म्हण, मग तू कोण, कुठे आहेस, काय झालं, आत माणसं किती ते सांग, लाज कसली वाटते तुला, असं मी ओरडले. खरं तर मी तुमच्यावर ओरडत होते, इतक्या वर्षांनी.

आपल्या करडी गावी भाताच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून घसरून माझा पाय मुरगळला होता. मी रडून हाका मारल्या, तर तुम्ही चिखलातूनच दटावलंत, "कायले बोंबलून राहिली वो? सारं गाव पाहून राहिलं." तुमचं बोट विळ्यानं कापलं तरी फडकं गुंडाळून तुम्ही आपले भाताच्या बांधीत उभे. लोक तुम्हाला सोशिक म्हणायचे. मला विचाराल तर तो नुसता ताठा होता, आणि आईनं तो जन्मभर सोसला.

फोनचंही तेच. तुम्ही एक रिंग देऊन कापायचात, म्हणजे घरी सगळं ठीक. मग मी सवडीनं उलट फोन करायचा. ही नोकरी लागली तेव्हा ओसरीत बसून मी तुम्हाला मेडेचा नियम समजावला होता. तुम्ही हसलात. "तीनदा कायले? एकदा सांगतलं त समजत नाही का त्याहिले?" मी म्हटलं, "बाबा, एकदा आलं तर चुकून आलं वाटतं. तीनदा आलं की समजायचं, खरंच संकट आहे."

त्या दुपारी आई माहेरी गेली होती. भिंतीला भिंत लागून काकांचं घर, पण छातीत कळ आल्यावर तिथे एक हाक मारवली नाही तुम्हाला. मला रिंग दिलीत आणि कापलीत. पुन्हा दिलीत, कापलीत. मग तिसरी. संध्याकाळी काकांनी दार ढकललं तेव्हा फोन तुमच्या हातातच होता.

हा कागद वहीतच राहणार, म्हणून लिहिते. माझा फोन पिशवीत होता असं मी आईला, काकांना, सगळ्यांना सांगितलं. तो टेबलावर होता, बाबा. तिन्ही वेळा तुमचं नाव उजळलेलं मी पाहिलं, आणि फोन पालथा घालून मुलांना शिकवत राहिले, की तीनदा ऐकू आलं तर हातातलं सगळं सोडायचं.