दार झाकण्याच्या सणाला

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार, तिसरा प्रहर

प्रिय बाबा,

आज संध्याकाळी शब्बाथचे, आपल्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लागले की लेखणीला हात लावायचा नाही, म्हणून घाईने लिहितेय. परवा रूबेनदादा टांगा घेऊन येतोय. तुमच्या कपाटातली सेफेर तोरा, हाताने लिहिलेली आपली पवित्र गुंडाळी, तो इस्राएलला नेणार. आणि तुम्ही शेवटच्या आजारात मला बजावून गेलात की ती इथून हलू द्यायची नाही! सांगा आता, कुणाचं ऐकू?

काल आमची जुंपलीच. "हितं हाय कोण वाचायला? वाळवी खाईल, तू बघत बस," दादा म्हणाला. मी म्हटलं, "ती गेली की घरातलं तेज गेलं, असं बाबा म्हणायचे." तो हसला. मला इतका राग आला की त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तेजाची ती गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितलीत! यरुशलेमचं मंदिर सोडताना देवाचं तेज एकदम गेलं नाही. आधी उंबऱ्यावर आलं, मग पूर्वेच्या दरवाजाशी, मग समोरच्या डोंगरावर. "का थांबत होतं?" मी विचारायची. "कुणी थांब म्हणतंय का, ते बघत होतं," तुम्ही म्हणायचात.

मग बाबा, दुष्काळाच्या वर्षी दार झाकण्याच्या सणाला तुम्ही काय केलंत?

उपासाचा दिवस. रिवाजाप्रमाणे दाराला कडी, बाहेरच्या कुणाला उघडायचं नाही. आत नऊ पुरुष. दहा झाल्याशिवाय सेफेर बाहेर काढता येत नाही, आणि दहावे शलोममामा होटगीला रेल्वेच्या ड्यूटीवर अडकलेले. दुपारी दार वाजलं. "अहो, मी आलोय की! उघडा!" घसा पार कोरडा, पण आवाज त्यांचाच. "बाबा, मामा आलेत," मी म्हटलं. तुम्ही डोळे वटारलेत. "आज दार उघडत न्हाईत. शेजारचं कुणी असंल. गप बस की!"

होटगीहून रुळाच्या कडेने उपाशी चालत आलेला माणूस उंबऱ्यावरून परत गेला. दहांत तुम्ही मला कधी धरलं नाहीत, तो नियम होता, चालायचंच. पण माझे कान तर शाबूत होते ना!

त्या हिवाळ्यात मामा इस्राएलला गेले, मागोमाग बाकीचेही. दहा पुन्हा जमले नाहीत. तुम्ही रोज कपाटासमोर बसायचात. तुमची कीव यायची आणि चीडही यायची. दोन्ही अजून आहेत.

तुम्ही गेल्यावर पवित्र शास्त्रातला तेजाचा तो भाग मी स्वतः वाचला. मंदिरातून तेज निघालं हे खरं. पण तेच तेज ते लिहिणाऱ्या संदेष्ट्याला आधी दिसलं होतं परमुलखात, कालव्याच्या काठी, धरून नेलेल्या आपल्या माणसांत! हे का नाही सांगितलंत? गोष्ट डोंगरावरच का संपवलीत? ते माणसांमागे जातं बाबा, कपाटापाशी बसून राहत नाही.

म्हणून सेफेर जाऊ देतेय. दादाला अजून बोलले नाही, रविवारपर्यंत राहू दे त्याला टांगणीला. पण कपाटातून ती मीच काढीन, उंबऱ्यापर्यंत मीच नेईन, तिथे जरा थांबेन आणि मगच त्याच्या हाती देईन.

मी इथेच राहणार आहे. ऊन उतरलं, वाती भिजवायच्यात. एक शब्द देते, हवं तर रागवा. यंदा सणाला उपास धरीन, पण कडी लावणार नाही. दार वाजलं, तर उठून बघेन कोण आलंय ते.

तुमची,
रिबका