घडीचा चाकू, दणकट पाहिजे

४ मार्च, सकाळ
कालच्या डोंगरफेरीतला प्रकार लिहून मोकळा होतो. तंबूच्या दोरीची गाठ घट्ट बसली. कप्तान म्हणाला, चाकू काढ. (कप्तान म्हणजे आमच्या डोंगर मंडळाचा प्रमुख. शाळेत माझ्या मागच्या बाकावर, पुढे पोस्टमास्तर.) मी घरचा फळं कापायचा चाकू काढला. तो दोरीवर वाकला, अगदी नम्रपणे. सगळे हसले. कप्तान हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, अरे, तुला एकच काम दिलंय, तेही होत नाही? सतराला मुक्कामाची सहल. दणकट चाकू आण, नाहीतर बस जाऊन बागेतल्या बाकड्यावर.

बाकडं! तिथे आमच्याच वयाचे चौघे सकाळभर एकमेकांना ब्लडप्रेशरचे आकडे ऐकवतात. आणि मी तिथे? ज्याला तिसरीच्या पुस्तकातल्या कविता अजून चालीसकट पाठ आहेत?

संकल्प: उत्तम चाकू. घडीचा. भावनेला थारा नाही.

५ मार्च
दुकानातल्या बाईंनी विचारलं, आजोबा, भाजीला का? म्हणालो, कठोर वापरासाठी. त्यांनी चष्मा वर केला. तीन चाकू मांडले. पातं उघडलं की आतली पोलादी पट्टी सरकून त्याच्या मागे अडते. पट्टी दाबल्याशिवाय पातं मिटत नाही, बोटं वाचतात. त्यांनी करून दाखवलं. खट्!

तो आवाज! थेट कंपासपेटीच्या झाकणाचा. समोर वर्ग उभा राहिला. ओला फळा, खिडकीतला उन्हाचा चौकोन, कविता म्हणताना डोळे मिटून घेणारे गुरुजी. माझेही मिटले. उघडले तेव्हा बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. चाकू राहिला.

६ मार्च
घेतला. लाकडी मुठीवर जीव जडला होता, पण बाई म्हणाल्या, तो शोभेचा. मग नारिंगी मुठीचा, जाड पात्याचा घेतला. त्या म्हणाल्या, हा मोडायचा नाही, पण कडक आहे, आधी उघडून बघा. म्हणालो, कडकच पाहिजे. बघितला नाही. चारचौघांत प्रदर्शन कशाला?

७ मार्च, १०.१०
उघडत नाही.

११.४०
उघडत नाही. अंगठ्याचं नख गेलं. किती विश्वासू चाकू! भलत्या वेळी उघडायचा नाही.

दुपार
हिने बहिणीशी फोनवर बोलता बोलता एका हाताने उघडला, साबणाच्या पावडरीची पिशवी फाडली, मिटून ठेवला. फोनवर म्हणाली, काही नाही गं, ह्यांचं खेळणं. माझ्या सकाळच्या मेहनतीने तो सैल झाला होता हे तिच्या लक्षात आणून दिलं. म्हणाली, बरं. तिच्या या ‘बरं’वर एक खंडकाव्य होईल.

९ मार्च
उघडला! (कपाटाच्या कडेत अडकवून. तंत्र आहे.) लगेच रीतसर परीक्षा घेतली. दोरी: वीसपैकी वीस. दोरी कपडे वाळत घालायची होती, कळेल तेव्हा कळेल. पुठ्ठा: वीस. लाकूड: अठरा. स्टूल आता किंचित विचारात पडल्यासारखं उभं राहतं. तोंडी परीक्षा म्हणून चाकूला स्वरचित आर्या ऐकवली. इतक्या शांतपणे या घरात कोणी ऐकलेली नाही. पहिला वर्ग.

संध्याकाळ
हिला दोरीचं कळलं.

१० मार्च
मिटत नाही. पट्टी दाबायला एक हात, पातं ढकलायला एक, मूठ धरायला एक. ही तीन हातांच्या माणसासाठीची रचना दिसते. हिला सांगणार नाही.

११ मार्च
चाकू तसाच उघडा धरून दुकानात गेलो. वाटेत तालासाठी एक वीररसाची कविता मोठ्याने म्हटली. ज्येष्ठांबद्दल आदर उरला नाही म्हणतात, साफ खोटं. लिफ्टमधल्या वहिनींना तळमजल्यावर जायचं होतं, पण मला ऐसपैस व्हावं म्हणून दुसऱ्यावरच उतरल्या. वॉचमनने तर दोन्ही हात वर करून नमस्कार केला. फुटपाथ आपोआप मोकळा होत गेला.

बाईंनी एका बोटाने मिटला. म्हणाल्या, आजोबा, बदलून देते, हलका घ्या. म्हणालो, कवीने आणि चाकूने हलकं असू नये. कप्तानापुढे पुन्हा वाकणारं पातं काढू?

१६ मार्च
उद्या सहल. मंडळाचा मोठा तंबू कप्तानाने माझ्या सॅकमध्ये न्यायला दिला आहे. विश्वास परत आला! चाकू उघडायला आज फक्त पंचवीस मिनिटं लागली. पण डोंगरावर कपाट कुठून आणू? निर्णय: उघडाच न्यायचा, टॉवेलात गुंडाळून. ही म्हणाली, अहो, उघडा चाकू सॅकमध्ये? म्हणालो, टॉवेल जाड आहे.

१८ मार्च
कालच परतलो. मुक्काम झाला नाही. टॉवेलाचे दोन टॉवेल झाले. तंबूला अकरा खिडक्या. वारा फार सुरेख येत होता, मी तसं म्हणालोही. पात्यावर मात्र ओरखडासुद्धा नाही. कप्तानाला दाखवलं. त्याने तंबूच्या एका खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, तुझ्यावर धड रागावताही येत नाही रे.

मंडळाच्या यादीत माझं नाव खोडलं आहे. सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायचं असणार.

२१ मार्च
अजून लिहिलेलं नाही. बागेत सहज चक्कर मारली. बाकड्यावरच्या चौघांनी सरकून जागा दिली. माणसं वाईट नाहीत. एकाला गोळ्यांची पट्टी अर्धी कापून हवी होती. म्हणालो, थांबा! चाकू बाकड्याच्या लोखंडी कडेत अडकवला आणि जोर लावला. वीस मिनिटांनी खट्कन उघडला. तोवर त्याने पट्टी दातांनी फाडून गोळी घेतली होती.

मग मिटेना. दोघांनी मदत करू का म्हणून विचारलं, पण लांबूनच. हळूहळू चौघे समोरच्या बाकड्यावर गेले. तिकडे ऊन चांगलं येतं म्हणाले. आता हे अख्खं बाकडं माझं. पाय पसरून बसलो. तेवढ्यात झाडांवर एक ओळ सुचली, फार दिवसांनी इतकी चांगली. ऐकवायला बाजूला वळलो.

कोणी नव्हतं. ओळही विसरलो.