दगा या नावाचा अर्थ

बुऱ्हाणपूर,
९ डिसेंबर १९५६

ती. दादास,
धाकट्या सुधाकरचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. रजनीचा खोकला थांबला. कुसुमनं वहिनींसाठी वड्या केल्यात, अमळनेरला येणारं कुणी भेटलं की पाठवते. एक नोव्हेंबरपासून राज्यं बदलली. वऱ्हाड तुमच्या मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशातच राहिलो. शाळा मराठीच आहे, पण कचेरीतले कागद आता हिंदीत भरावे लागतात.

अशाच एका कागदासाठी परवा गेलो होतो. आईच्या मृत्यूची नोंद करायची होती. मुलांची म्हणून तुझं-माझं नाव सांगितलं तेव्हा नवा कारकून मान वर करून म्हणाला, "दगा? ये भी कोई नाम हुआ? धोखा?" शेजारचे दोघं हसले. घरी आलो, पण ते हसणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी शाळेतला कोश काढला. दगा, मूळ फारसी शब्द, अर्थ कपट, विश्वासघात. पुढे दगाबाज, दगाफटका. पण आपल्या लेकराला आई असं नाव का ठेवते, ते कोशात कुठून असणार?

म्हणून आज रविवारी जसोंडीला रंभामावशीकडे गेलो. ती कपाशी वेचून नुकतीच आली होती. विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिली.

"तुले माहीत नाई? दगाच्या आधी तुह्या मायचे दोन लेकरं गेले. एक सव्वा महिन्याचा, एक रांगता. तिसरा झाला तं ती म्हणे, याचं नाव असं ठेवते का मरणानं याच्याकडे पाहूच नये. यमाले दगा द्यायले ठेवलं ते नाव, भाऊ. पोराले नाई."

तुझ्यामागून मी आलो तोवर तिची भीती गेली होती. म्हणून मला मास्तरांना विचारून नाव मिळालं.

दादा, मावशीच्या ओट्यावर मला रडू आवरेना. तिला वाटलं, आईच्या आठवणीनं रडतोय. तसं नव्हतं.

दहाव्याला तू आलास आणि घाटावर मला विचारलंस, "अगोदर का नाही कळवलं रे?" मी म्हणालो, अचानक झालं. अचानक नव्हतं झालं. जुलैपासून ती अंथरुणावर होती. तुला लिहू नकोस म्हणायची, "गिरणीची नोकरी आहे त्याची, उगा घोर लावू नको." दसरा झाल्यावर मात्र तिनंच पत्र लिहायला लावलं. मी लिहिलं, तिला वाचून दाखवलं. ती हसली. ते पत्र मी शाळेच्या पिशवीत ठेवलं आणि टाकलंच नाही. टपालपेटी माझ्या वाटेवरच आहे.

का, म्हणशील. चार महिने तिचं सगळं मी आणि कुसुमनं केलं. आणि तिच्या तोंडी तुझंच नाव. दगा असता तर उचलून ओट्यावर बसवलं असतं, दगाच्या हातची भाकरी खाल्ली असती. वाटलं, चार दिवस तरी ती माझी असू दे. मग टाकू. ते चार दिवस वाढत गेले.

जायच्या आदल्या दिवशी मी पेज भरवत होतो. ती म्हणाली, "नाई आला ना तो? जाऊ दे. मीच त्याचं नाव दगा ठेवलं. जे ठेवलं तेच लागलं त्याले."

माझ्या हातात चमचा होता. एक वाक्य बोलायचं होतं: आई, मी पत्रच टाकलं नाही. ते मी बोललो नाही. तू बोलावूनही आला नाहीस, हेच मनात घेऊन ती गेली.

कुसुमला हे माहीत नाही. तुला सांगितल्यावर तिलाही सांगेन.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. पण घाटावर तू विचारलं होतंस, ती माझ्यावर रागावली होती का, आणि मी पाण्याकडे बघत राहिलो. त्याचं उत्तर आज देतो. नाही. शेवटच्या आठवड्यात तिनं मला खाट फिरवायला लावली. भिंतीकडे तोंड होतं, ते दाराकडे करून घेतलं. नाव ठेवल्याचं बोलून झालं, त्यानंतरही तिनं दाराकडची कूस बदलली नाही.

'तुझा' लिहावं की नाही, ते तूच ठरव.

सुधाकर